रिकाम्या तुरुंगाचं काय करायचं? आग्वाद, बंगळुरू आणि आपण

आजचा विषय जरा वेगळा आहे. एखादा तुरुंग बंद झाला, कैदी दुसरीकडे नेले, भिंती आणि जमीन तेवढी मागे उरली, तर त्या जागेचं काय करायचं आणि ते कुणी ठरवायचं? विषय इतिहासाचा आहे. पण मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे ‘कुणी ठरवायचं’ या शब्दांपाशी मी थोडा जास्त वेळ थांबणार आहे.

सुरुवात आपल्या कोथरूडपासून करू. इथे तुरुंग नव्हता, पण नकोशी जागा होती. पौड रस्त्यावरचा, वनाजजवळचा कचरा डेपो तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. तो बंद झाला, तेव्हा त्या जमिनीवर काय व्हावं यावर बरीच वर्षं वाद चालला. शिवसृष्टी व्हावी अशी मागणी होती, मग मेट्रोच्या डेपोसाठी तीच जागा हवी झाली. शेवटी तिथे मेट्रोचा डेपो उभा राहिला आणि शिवसृष्टी चांदणी चौकाजवळ करायचं ठरलं. आता यात एक गोष्ट पाहा. कोथरूडचा कचरा नाहीसा झाला नव्हता, तो उरुळी देवाची-फुरसुंगीला जाऊ लागला. तिथल्या लोकांनी पुढे किती आंदोलनं केली ते आपण वर्तमानपत्रांत वाचलंच आहे. पण वनाजच्या जागेची चर्चा चालू असताना फुरसुंगीचा माणूस त्या चर्चेत होता का? नव्हता. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण तुरुंगाच्या बाबतीत नेमकं असंच होतं.

आता गोव्यात जाऊ. मांडवीच्या मुखाशी आग्वादचा किल्ला आहे. पोर्तुगीजांनी तो १६१२ साली बांधून पूर्ण केला. ‘आग्वा’ म्हणजे पाणी. दूरवरून येणारी जहाजं इथे गोडं पाणी भरून घेत, म्हणून हे नाव. त्याच्या खालच्या अंगाला, समुद्राला लागून असलेल्या भागात पुढे तुरुंग झाला आणि सालाझारच्या राजवटीत तिथे राजकीय कैदी ठेवले गेले. १८ जून १९४६ ला मडगावला डॉ. राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली, हे आपल्याला माहीत आहे. त्याच वर्षी ते पुन्हा गोव्यात शिरले, तेव्हा त्यांना पकडून आग्वादलाच ठेवलं होतं. टी. बी. कुन्हांनाही आधी इथे कोंडलं आणि मग पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात पाठवलं.

आणि मग पुणं येतं. गोवा विमोचन सहायक समिती पुण्यातली. १८ मे १९५५ ला नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींची तुकडी गोव्याच्या हद्दीत शिरली. पुढच्या महिन्यांत शिरूभाऊ लिमये, मधू लिमये, जगन्नाथराव जोशी असे कितीतरी जण गेले. कोणी समाजवादी, कोणी जनसंघाचे. बाहेर एकमेकांशी कडाडून भांडणारी ही माणसं आत एका भिंतीआड राहिली. मोहन रानड्यांना त्याच वर्षी पकडलं. गोव्यातल्या कैदेनंतर त्यांना पोर्तुगालला नेलं, आणि गोवा १९६१ ला मुक्त झाला तरी ते सुटले १९६९ ला! शेवटची वर्षं ते आपल्या पुण्यातच राहिले. तेव्हा आग्वादचा तुरुंग गोव्यात असला, तरी त्यात पुण्याच्या कितीतरी घरांचा इतिहास आहे.

मुक्तीनंतर काय झालं? तुरुंग तुरुंगच राहिला. राज्य बदललं, झेंडा बदलला, पण कोठड्या त्याच. तो गोव्याचा मध्यवर्ती तुरुंग झाला आणि २०१५ मध्ये कैद्यांना कोलवाळच्या नव्या तुरुंगात हलवेपर्यंत चालू होता. नंतर डागडुजी झाली आणि १९ डिसेंबर २०२१ ला, मुक्तीच्या साठाव्या वर्षाच्या सोहळ्यात, त्याचं संग्रहालय म्हणून उद्घाटन झालं. लोहिया आणि कुन्हा यांच्या कोठड्या त्यांच्या स्मृतीसाठी राखल्या आहेत. आज संग्रहालयाच्या जोडीला तिथे उपाहारगृहं आहेत, दुकानं आहेत, कार्यक्रम होतात. समुद्राकाठची जागा, संध्याकाळचा वारा, लोक येतात, बसतात.

यात वाईट काय, असं कोणी विचारेल. मी ‘वाईट’ म्हणत नाही. ओस पडून पडझड होण्यापेक्षा माणसांची वर्दळ बरी. पणजीसमोरचा रेइश मागूशचा किल्लाही १९९३ पर्यंत तुरुंगच होता. २०१२ मध्ये तो दुरुस्त होऊन लोकांसाठी उघडला, आज तिथे मारिओ मिरांडांची चित्रं पाहायला मिळतात, आणि ते काम नीट झालेलं आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. १९४६ ते १९६१ ही झाली पंधरा वर्षं. १९६१ ते २०१५ ही झाली चौपन्न. त्या चौपन्न वर्षांत जे आत होते त्यांचं काय? चोरीमारीचे, खुनाचे, ज्यांचा खटला वर्षानुवर्षं उभाच राहिला नाही असे कच्चे कैदी, रात्रपाळी करणारे शिपाई, भेटीच्या दिवशी डबा घेऊन ताटकळणाऱ्या बायका. स्वातंत्र्यसैनिकांची आठवण पहिली हवी, यात शंकाच नाही. पण दुसऱ्या आठवणीला जागाच नसेल, तर तुरुंग म्हणजे परक्या राजवटीनं केलेली गोष्ट, असं आपण मुलांना शिकवतो. आपल्या स्वतःच्या राज्यानं तीच कुलपं वापरली, हे राहूनच जातं.

याचीच दुसरी बाजू बंगळुरूला दिसते. तिथला मध्यवर्ती तुरुंग एकोणिसाव्या शतकातला. मध्ये टेहळणीचा मनोरा आणि त्याच्याभोवती बराकी. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हा नकाशा ओळखीचा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस जेरेमी बेंथमनं असा तुरुंग कल्पिला, की मधल्या एका पहारेकऱ्याला सगळे दिसावेत, पण आपल्याकडे कोणी पाहतंय की नाही हे कैद्याला कधीच कळू नये. १९७५ मध्ये फुकोनं त्यावर पुस्तक लिहिलं. आणि योगायोग पाहा, त्याच वर्षी २६ जूनला आणीबाणीत वाजपेयी, अडवाणी आणि आपले मधू दंडवते यांना बंगळुरूत पकडून याच तुरुंगात ठेवलं. संसदीय समितीच्या बैठकीसाठी ते तिथे गेले होते. हे तेच दंडवते, जे १९५५ ला गोव्याच्या सत्याग्रहातही होते. ते बंगळुरूला, पत्नी प्रमिलाताई येरवड्याला, आणि दोन तुरुंगांमधून एकमेकांना पत्रं.

२००० साली हा तुरुंग बंद झाला. कैदी शहराबाहेर परप्पन अग्रहारला गेले. सुमारे २१ एकर जागा, तीही शहराच्या मध्यात. तिथे मॉल सहज झाला असता. तसं झालं नाही. वास्तुरचनाकारांची स्पर्धा घेऊन आराखडा निवडला गेला, मनोरा आणि काही भाग राखला, आणि २००८ मध्ये ‘फ्रीडम पार्क’ उघडलं. एका कोपऱ्यात निदर्शनांसाठी जागा ठेवली. कल्पना सुंदर होती. ज्या जागेत आवाज बंद केला, तिथेच आवाज उठवायची सोय.

पण पुढे ऐका. रस्त्यावरच्या मोर्चांनी वाहतूक अडते अशी तक्रार झाली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि २०२१ च्या आदेशानं बंगळुरूत निदर्शनं करायची तर ती फक्त फ्रीडम पार्कमध्ये, असं ठरलं. म्हणजे जी सोय होती तीच हद्द झाली. जुन्या तुरुंगाच्या आवारात जा, हवं तेवढं ओरडा, बाहेर नको. वाहतुकीत अडकलेल्या माणसाची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण आराखडा कितीही चांगला असला तरी जागा कशी वापरायची हे रोज नव्यानं ठरत असतं, आणि ते ठरवताना लोक हजर नसले तर भिंत पुन्हा उभी राहते, हे इथे स्पष्ट दिसतं.

मग लोक हजर असले तर काय होतं? त्यासाठी जोहान्सबर्गला जावं लागेल. तिथल्या जुन्या किल्ल्याच्या तुरुंगात १९०८ साली गांधीजी कैदेत होते. पुढे वर्णभेदाच्या काळात हजारो साधी माणसं, जवळ पास नव्हता एवढ्या कारणानं, तिथे गेली. १९८३ मध्ये तो बंद झाला आणि बरीच वर्षं पडून राहिला. लोकशाही आल्यावर नव्या घटना न्यायालयासाठी न्यायाधीशांनी हीच जागा निवडली. २००४ मध्ये इमारत उघडली. कच्च्या कैद्यांची जुनी बराक पाडली, पण तिचे जिने तसेच ठेवले आणि तिच्या विटा न्यायालयाच्या बांधकामात वापरल्या. मला यातली महत्त्वाची गोष्ट विटांची वाटत नाही. तिथे काय सांगायचं हे ठरवण्यासाठी जुन्या कैद्यांना बोलावलं, पहारेकऱ्यांनाही बोलावलं. जागेवर नेऊन विचारलं, की इथे काय होत होतं ते तुम्ही सांगा. नेत्यांच्या जोडीला पासवाल्या साध्या कैद्याची गोष्ट तिथे आली ती त्यामुळे.

आता आपल्याकडची रीत काय आहे? ७४ व्या घटनादुरुस्तीनं १९९३ पासून शहरांना प्रभाग समित्या दिल्या. पुणे महापालिकेनं २००६-०७ पासून नागरिकांच्या सूचनांना अंदाजपत्रकात स्थान दिलं, आणि कोथरूडकरही त्यात पदपथ, बाकं, दिवे सुचवत आले आहेत. मोठ्या जमिनींचं मात्र विकास आराखड्यात ठरतं. तिथे आधी आराखडा छापतात आणि मग हरकती-सूचना मागवतात. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर ८७ हजारांच्या आसपास हरकती आल्या! लोकांना रस नाही असं कोण म्हणेल? पण हरकत घेणं आणि ठरवणं यांत फरक आहे. आरक्षणाचा रंग भरून झाल्यावर मला विचारलं, तर मी फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणू शकतो. जागेचा अर्थ काय, हा प्रश्न माझ्यापर्यंत पोहोचलेलाच नसतो.

हे सगळं मी कोथरूडमध्ये का सांगतोय? कारण शहराच्या दुसऱ्या टोकाला येरवडा आहे. तो चालू आहे, बंद झालेला नाही. पण २६ जानेवारी २०२१ ला तिथे ‘जेल पर्यटन’ सुरू झालं, म्हणजे त्याची आठवण कशी दाखवायची ही निवड आत्ताच सुरू झाली आहे. १८ एप्रिल १८९८ ला दामोदर चापेकरांना फाशी झाली ती येरवड्यात. २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार तिथला. गांधीजींनी त्या जागेला ‘मंदिर’ म्हटलं आणि १९३० मध्ये तिथून आश्रमवासीयांना व्रतांवर पत्रं लिहिली. आणीबाणीतले सत्याग्रही तिथले. आणि आज, या क्षणी, आपण इथे बसलो असताना, कच्चे कैदी तिथलेच. शहर वाढतंय, जमिनीला सोन्याचा भाव आहे. बंगळुरूनं आणि गोव्यानं जे केलं ते उद्या पुण्यालाही सुचेल.

तेव्हा आपण काय म्हणणार, याची तयारी आज करता येईल. माझ्या मते विचारायचे प्रश्न तीन आहेत आणि त्यांचा क्रमही महत्त्वाचा आहे. पहिला, आत कोण कोण होतं? यादी नेत्यांवर थांबवायची नाही. शिपाई, स्वयंपाकी, स्त्री कैदी, त्यांची मुलं, सगळ्यांच्या आठवणी ती माणसं हयात असतानाच नोंदवून घ्यायच्या. दुसरा, कैदी कुठे जाणार? कारण तुरुंग बंद होत नाही, सरकतो. आग्वादचा कोलवाळला गेला, बंगळुरूचा परप्पन अग्रहारला. ज्या गावाच्या वेशीवर तो जाणार, त्या गावाचा आणि भेटीसाठी तिथवर जावं लागणाऱ्या घरच्यांचा आवाज याच चर्चेत हवा. आणि तिसरा, रिकाम्या जागेवर काय हवं? बाग, संग्रहालय, घरं, दवाखाना, काय ते. आपण नेहमी तिसऱ्यापासून सुरुवात करतो, आणि मग पहिले दोन विचारायला कोणी उरत नाही.

सत्याग्रही बोलले, त्यांनी लिहिलं, म्हणून आग्वादची एक गोष्ट तरी आपल्यापर्यंत आली. न लिहिणाऱ्यांचीही यावी असं वाटत असेल, तर विचारायला आपल्यालाच जावं लागेल. येरवड्यात नोकरी केलेली माणसं आपल्या शेजारीपाजारी राहतात, तिथे काही वर्षं काढून आलेलीही राहतात. ते बोलतील की नाही, कुणास ठाऊक. विचारून तर पाहू.

इथे थांबतो. तुमचे प्रश्न असतील ते घेऊ.