लोकांनी ठेवलेलं नाव आणि आपली ओळख



अहेरीत राहायला आल्यापासून मला एक नवीन ओळख मिळाली आहे. आम्ही सैतवाळ, घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठीच. पण इथे जैन म्हटलं की मारवाडी, आणि मारवाडी म्हटलं की पैसेवाले, हे ठरलेलंच. सूर्यास्ताआधी जेवते म्हणून कोणी 'डाएट' समजतं, तर कंदमुळं खात नाही म्हणून कोणी कीव करतं. तुमच्यापैकी ज्या लहान गावात राहतात, त्यांना हे काही नवीन नाही. "लोक आपल्याला ओळखतच नाहीत" हे दुःख आपल्यापैकी अनेकींचं आहे. म्हणून आज थोडा इतिहास सांगते.

आपल्या अख्ख्या समाजाचीच ओळख एकेकाळी चुकीची लिहिली गेली होती. एकोणिसाव्या शतकात लासेन, वेबर यांच्यासारखे मोठे युरोपीय पंडित जैन धर्माला बौद्ध धर्माची शाखा मानत. दोन्हीकडे अहिंसा, दोन्हीकडे साधू, महावीर आणि बुद्ध यांच्या चरित्रांतही साम्य. तेवढ्यावरून हा धर्म बौद्धांमधून निघाला असं ठरलं. हर्मन याकोबी या जर्मन अभ्यासकाने 1879 मध्ये कल्पसूत्राची संपादित आवृत्ती काढली आणि 1884 मध्ये आचारांग व कल्पसूत्राचं इंग्रजी भाषांतर. त्यांच्या प्रस्तावनांमध्ये त्याने हे मत खोडून काढलं. गंमत म्हणजे त्याचा मोठा पुरावा बौद्धांच्याच पाली ग्रंथांत होता. तिथे महावीरांचा उल्लेख 'निगंठ नातपुत्त' असा येतो, आणि निगंठांचा पंथ बुद्धांच्या काळी आधीच रुजलेला दिसतो. मग तो बौद्धांची शाखा कसा असेल?

हे वाचून आनंद होतोच. पण मला प्रश्न पडतो तो त्या आधीच्या बायकांचा. त्या काळी आपल्या पणज्या काय करत होत्या? पाणी गाळत होत्या, चातुर्मासात हिरव्या भाज्यांचे नियम घेत होत्या, पर्युषणात उपवास करत होत्या, पोरांना मांडीवर घेऊन णमोकार शिकवत होत्या. दूर कुठेतरी त्यांना भलत्याच धर्माची शाखा ठरवलं जात होतं, याची त्यांना वार्ताही नव्हती. याकोबीने चूक दुरुस्त केली तेव्हाही त्यांच्या गाळण्यात काही फरक पडला नाही. इतिहास दुरुस्त व्हायलाच हवा, म्हणून तर जनगणनेत धर्माच्या रकान्यात आपण आठवणीने 'जैन' लिहितो. 2011 मध्ये देशात अशी नोंद झालेले साधारण साडेचव्वेचाळीस लाख होते, त्यातले चौदा लाख आपल्या महाराष्ट्रात. पण त्या रकान्यामुळे आपण जैन झालो नाही.

आता ज्या गावात बसून हे लिहिते आहे, त्या गावाकडे बघू. प्राणहितेच्या काठी असलेली अहेरी ही राजगोंड घराण्याची जुनी जमीनदारी. बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी, माडिया सगळं कानावर पडतं. आपण ज्यांना सरसकट 'गोंड' म्हणतो, ते स्वतःला म्हणवतात कोयतूर. गोंड हे इतरांनी ठेवलेलं नाव. चंद्रपूरचा परकोट, त्याच्या वेशी ही यांच्याच राजांची कामगिरी. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला राणी हिराईने पतीच्या मागे दत्तक मुलाच्या वतीने राज्य सांभाळलं, पतीची सुंदर समाधी बांधली, महाकालीचं मंदिर बांधलं. आणि त्याच समाजातल्या माडियांची नोंद पुढे सरकारी यादीत 'आदिम जमात' म्हणून झाली. 2006 मध्ये केंद्राने तो शब्द बदलला, पण लोकांच्या तोंडून काही तो गेला नाही.

इथल्या म्हाताऱ्या बायकांच्या चेहऱ्यावर, हातांवर गोंदण असतं. बाहेरून आलेल्यांना ते विद्रूप वाटतं. त्यांचं म्हणणं वेगळं: बाकी दागिने इथेच राहतात, मेल्यावर सोबत जातं ते गोंदण. हे ऐकलं की मला आपलं वाक्य आठवतं, जिवासोबत जातात ती फक्त कर्मं.

पाठशाळेत आठ कर्मं पाठ केली होती, आठवतात ना? त्यातल्या नामकर्माच्या प्रकृतींमध्ये यशःकीर्ती आणि अयशःकीर्ती आहेत. म्हणजे लोक आपल्याला चांगलं म्हणतात की वाईट, हे शरीर, रूप, आवाज यांच्याच खात्यात मोडतं. आणि नामकर्म अघाती आहे, आत्म्याच्या गुणांचा ते घात करत नाही. घात करतं मोहनीय. 'मारवाडी' म्हटल्यावर माझ्या मनात जो राग उठतो, जो मान दुखावतो, तो कषाय, आणि कषाय मोहनीयाच्या घरातले. लोकांचा शब्द माझ्या आत्म्यापर्यंत पोचू शकत नाही. त्याला आत घेऊन जाते ती मीच.

म्हणून मी आता एवढंच करते. कोणी चुकीचं म्हटलं तर एकदा शांतपणे सांगते, "आम्ही मराठी जैन." समोरच्याला पटलं तर ठीक, नाही तर भाजी घेऊन घरी.

आणि दुसरी बाजूही आहे. आपल्याला चुकीचं नाव दिल्याचं दुःख करणाऱ्या आपणच स्वयंपाकघरात 'ती जंगली माणसं' असं सहज बोलून जातो. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात परनिंदा आणि आत्मप्रशंसा ही नीच गोत्राच्या बंधाची कारणं सांगितली आहेत. दुसऱ्याने मला काय म्हटलं, ते त्याचं कर्म. मी दुसऱ्याला काय म्हटलं, ते माझं.

आज संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसाल तेव्हा बघा. आपण कुणाला काय बोललो, कुणाला दुखावलं, सगळं त्यात येतं. लोक आपल्याला काय म्हणाले, त्याला तिथे जागाच नाही.