केकच्या आयसिंगचे नैसर्गिक रंग (वऱ्हाड)

केकवर चढवल्या जाणाऱ्या साखर, लोणी किंवा क्रीमच्या थराला फळे, फुले, पाने, कंद व मसाले यांतील रंगद्रव्यांनी दिलेला रंग. अमरावती व अकोला जिल्ह्यांत त्यासाठी लागणारा बहुतेक माल शेतात, परसात किंवा आठवडी बाजारात मिळतो : हळद, बीट, पालक, लाल अंबाडी, गोकर्ण, वरुड-मोर्शी पट्ट्यातील संत्री आणि चिखलदऱ्याची कॉफी.

पार्श्वभूमी : झाडापासून रंग काढणे वऱ्हाडाला नवे नाही. मेळघाटात व सातपुड्याच्या पायथ्याशी होळीला पळसाची फुले उकळून केशरी रंग करतात. तो मात्र खेळण्याचा, खाण्याचा नव्हे. स्वयंपाकात हळद आणि केशर हेच मुख्य रंग होते. घरोघरी वाढदिवसाचा केक आला, तसे त्याच्यासोबत बाटलीतले रंगही आले. विल्यम पर्किन यांनी १८५६ मध्ये पहिला कृत्रिम रंग बनवला. त्यानंतर असे रंग कापडाप्रमाणेच खाद्यपदार्थांतही शिरले. भारतात आठ कृत्रिम खाद्यरंगांना, ठरवून दिलेल्या मर्यादेत, परवानगी आहे. त्यांपैकी टारट्राझीन, सनसेट यलो, कार्मोइसीन व पाँसो ४आर हे चार रंग असलेल्या पदार्थांवर युरोपीय संघात जुलै २०१० पासून मुलांच्या वागणुकीवर व एकाग्रतेवर परिणाम होऊ शकतो, असा इशारा छापावा लागतो. याच आठांतील एरिथ्रोसीनची खाद्यपदार्थांतील परवानगी अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतली. केक सर्वांत आवडीने मुलेच खातात, म्हणून हा विषय गंभीरपणे घेण्याजोगा आहे.

रंग बसण्याचे तत्त्व : रंग निवडताना दोन गोष्टी पाहाव्या लागतात : तो पाण्यात उतरतो की स्निग्धांशात, आणि आंबटपणाने बदलतो का. हळदीतील कुर्क्युमिन आणि गाजर व संत्र्याच्या सालीतील कॅरोटिनॉइडे स्निग्धांशात उतरतात, म्हणून ती लोण्याच्या आयसिंगला चांगली. बीट, अंबाडी व गोकर्ण यांचे रंग पाण्यात उतरतात. लोण्यात पाणी जास्त झाले की थर फुटतो, म्हणून ते आटवून किंवा भुकटी करून घालतात.

पिवळा व नारंगी : चमचाभर लोणी कोमट करून त्यात चिमूटभर हळद पाच-सात मिनिटे मुरू द्यावी, फडक्यातून गाळावी आणि थंड झाल्यावर आयसिंगमध्ये फेटावी. कच्च्या हळदीचा वास बराच कमी होतो. हळद सोड्याच्या संपर्कात लाल पडते. केकमध्ये खाण्याचा सोडा जास्त झाला असेल तर पिवळ्या थराला लालसर डाग येऊ शकतात. संत्र्याचा रस फारसा रंग देत नाही. सालीचा वरचा नारंगी भाग किसून लोण्यात मुरवला तर फिकी नारंगी छटा आणि सुगंध दोन्ही मिळतात.

लाल व गुलाबी : लाल अंबाडी या प्रदेशाचा खास रंग. हिवाळ्यात बोंडाभोवतीची मांसल लाल निदले काढून चटणी व सरबत करतात आणि उरलेली वाळवून ठेवतात. मूठभर वाळलेली निदले दोन वाट्या पाण्यात उकळावीत, गाळावीत आणि पाक चमच्यावरून तुटक थेंबांनी पडेल इतपत आटवावा. पिठीसाखरेत हा पाक थोडा थोडा घातला की गडद गुलाबी, चकचकीत थर तयार होतो. अंबाडी आंबट असल्याने दुधाच्या क्रीममध्ये घातल्यास ते फाटण्याची भीती असते. तिथे बीट वापरावे. बीटचा रंग उष्णतेने व उन्हाने तपकिरी पडतो. त्यामुळे पातळ काप वाळवणासारखे उन्हात न घालता सावलीत कडक वाळवावेत, बारीक दळावेत आणि भुकटी मलमलीतून चाळून घ्यावी.

हिरवा : पालक वाटून रस पिळावा आणि मंद आचेवर गरम करावा. उकळी येण्याआधीच हिरवा साका वर जमतो. तो फडक्यात गाळून घेतला की पाणी व पालकाचा वास बराचसा मागे राहतो. जास्त शिजवल्यास किंवा लिंबू पडल्यास हरितद्रव्य शेवाळी-तपकिरी होते. पानाची चव हवी असेल तर अंजनगाव सुर्जीच्या विड्याच्या पानांचा रस वापरता येतो.

निळा व तपकिरी : गोकर्णीच्या फुलांचा अर्क निळा असतो आणि लिंबाच्या थेंबाने जांभळा होतो. अमेरिकेत २०२१ मध्ये त्याला खाद्यरंग म्हणून मान्यता मिळाली. तपकिरीसाठी दाट कॉफी किंवा करपवलेल्या साखरेचा पाक पुरतो.

मर्यादा व टिकाऊपणा : नैसर्गिक रंगाने बाटलीतल्यासारखा भडक लाल किंवा काळा मिळत नाही. तसा हट्ट धरून माल वाढवला तर चव बिघडते. फिक्या छटाच या रंगांना शोभतात. अकोला-अमरावतीत मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि लोण्याचा थर त्याच्या कितीतरी आधी वितळतो. म्हणून उन्हाळ्यात केक कापण्याच्या दिवशीच रंगवावा, थंड जागी व उजेडापासून दूर ठेवावा. ताजा रस फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकतो, कोरडी भुकटी हवाबंद बरणीत काही महिने.

शुद्धता : रंग झाडाचा असला तरी माल भेसळीचा असेल तर सारी मेहनत वाया जाते. हळदपुडीत मेटॅनिल यलो किंवा शिसेयुक्त लेड क्रोमेटची भेसळ आढळते, आणि हे दोन्ही घातक आहेत. खात्रीची हळकुंडे घेऊन घरी किंवा ओळखीच्या गिरणीत दळून घेणे हा सोपा उपाय. मुलांच्या केकसाठी एवढी काळजी घेतलीच पाहिजे.