मानमोडी ते कंट्रोल : वऱ्हाडच्या बोलीतले महायुद्ध

विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ आम्ही पदव्युत्तर वर्गाला शिकवतो, तेव्हा दरवर्षी एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत समोर येतो : हे युद्ध आपले आहे का? चक्रधर आणि हॅर्टा यांची शोकांतिका विद्यार्थ्यांना भिडते. पण तिच्यामागचे महायुद्ध मात्र त्यांना युरोपचेच वाटते. भातकुली, दर्यापूरकडून येणाऱ्या मुलांच्या गावात ना बॉम्ब पडला, ना खंदक खणला गेला. मग एके वर्षी अशाच एका विद्यार्थिनीच्या लेखनात ‘कंट्रोलचे दुकान’ असा शब्दप्रयोग आला. शिधावाटप दुकानाला वऱ्हाडात ‘कंट्रोल’ का म्हणतात, असे आम्ही वर्गात विचारले. कोणालाच सांगता आले नाही. प्रस्तुत लेखाचा उगम त्या शांततेत आहे.

भातकुली हे अमरावतीच्या पश्चिमेचे, पेढी नदीच्या परिसरातले गाव. परंपरा त्याचा संबंध रुक्मीच्या भोजकटाशी जोडते; जैन समाजाचे ते तीर्थक्षेत्र आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र महत्त्वाची आहे ती तेथील जमीन. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. विहिरीचे पाणी खारट, त्यामुळे ओलिताची शेती अवघड; सारी भिस्त पावसावर, कापसावर आणि ज्वारीवर. कापूस विकायचा आणि मीठ, कापड, रॉकेल विकत आणायचे, अशी इथली रीत. म्हणजे हे गाव दोन्ही टोकांनी बाजाराला बांधलेले होते. ही बांधणी जुनी आहे. १८६१ ते १८६५ या काळातल्या अमेरिकन यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला आणि त्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. १८६७ पर्यंत भुसावळ–नागपूर लोहमार्ग पूर्ण झाला होता. लिव्हरपूलच्या बाजारात या भागातल्या कापसाचे नावच ‘उमरा’ असे पडले. अमरावतीच्या ‘उमरावती’ या रूपाचा तो संक्षेप. आपल्या जिल्ह्याचे नाव ज्या बाजारात माल म्हणून फिरत होते, त्या बाजारातली उलथापालथ आपल्या बांधावर येणे अटळच होते.

१९१४ मध्ये ती आली. आखूड धाग्याच्या हिंदी कापसाचे जर्मनी हे मोठे गिऱ्हाईक होते. युद्ध सुरू होताच ते नाहीसे झाले. जर्मनीहून येणारे कृत्रिम रंगही थांबले आणि मरणपंथाला लागलेल्या नीळीला काही काळ पुन्हा भाव आला. जर्मन आणि ब्रिटिश मालाची रिकामी झालेली जागा जपानी मालाने घेतली. चांदीची टंचाई इतकी झाली, की ३० नोव्हेंबर १९१७ रोजी सरकारला हिंदुस्थानातली पहिली एक रुपयाची नोट काढावी लागली. वाजवून पारखायच्या रुपयाऐवजी हाती कागद आला. साम्राज्यावरील विश्वास म्हणजे काय, याचा इतका ठोस धडा शेतकऱ्याला दुसऱ्या कोणी दिला नसेल.

पहिल्या युद्धाने बोलीला दिलेला सर्वांत भयंकर शब्द म्हणजे ‘मानमोडी’. १९१८ च्या इन्फ्लुएंझाचे हे मराठी नाव. साथ मुंबई बंदरात उतरली आणि सप्टेंबरपासूनच्या दुसऱ्या लाटेत आगगाडीबरोबर आत शिरली. कापूस बाहेर नेणाऱ्या रुळांवरूनच ती गावोगाव पोचली. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. उपासमार आणि ताप एकत्र आले. मध्यप्रांत-वऱ्हाड हा देशात सर्वाधिक मृत्यू नोंदवणाऱ्या प्रांतांपैकी एक ठरला. अधिकृत आकडा दर हजारी सुमारे सत्तावन्न असा आहे. मेले ते मुख्यतः तरुण, कर्ते स्त्री-पुरुष. १९११ ते १९२१ या दशकात सबंध देशाची लोकसंख्या जेमतेम एक टक्क्याने वाढली. युद्धाच्या इतिहासात या मृतांची गणना होत नाही. त्यांचे स्मारकही नाही. आहे तो एक शब्द, आणि तोही आता म्हाताऱ्यांबरोबर संपत चालला आहे.

तिसरा शब्द ‘पलटण’. याची बाजू वेगळी आहे. १८९२-९३ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद करण्यात आली होती. सैनिकी पगार, पेन्शन आणि अक्षरओळख यांचा एक रस्ता त्यामुळे बुजला. युद्धाची गरज निर्माण होताच १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली गेली आणि गरज संपताच १९२१ मध्ये मोडली गेली. मग १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट स्थापन झाली. मधल्या काळात, १९२७ मध्ये, अमरावतीला अंबादेवी मंदिरप्रवेशाचा लढा उभा राहिला होता. ज्याचा देवळातला प्रवेश नाकारला जातो त्याच्या हाती साम्राज्य अडचणीत असताना बंदूक देते, ही विसंगती दलित आत्मकथने शिकवताना आपण विद्यार्थ्यांसमोर ठेवायला हवी.

आता ‘कंट्रोल’. १९४१ मध्ये जपानशी व्यापार तुटला आणि वऱ्हाडी कापसाचे दुसरे मोठे गिऱ्हाईकही गेले. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला. सरकारने ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम काढून आखूड धाग्याचा कापूस कमी करण्याचा आग्रह धरला. १९४० मध्येच रुपयातली चांदी निम्म्यावर आली होती. पेट्रोलच्या टंचाईमुळे मोटारी कोळशाच्या गॅसवर धावू लागल्या. १९४३ मध्ये कापड व सूत नियंत्रणाचा हुकूम निघाला. पिढ्यान्‌पिढ्या जगाला कापूस पुरवणाऱ्या प्रदेशाला लुगड्या-धोतरासाठी परवान्याची वाट पाहावी लागली. ‘कंट्रोल’ आणि ‘काळा बाजार’ हे जुळे शब्द तेव्हाचे. युद्ध संपले, इंग्रज गेले; परंतु कंट्रोल राहिला, आणि आज तो गरिबाच्या हक्काचे नाव झाला आहे. शब्दाचा अर्थ असा उलटा फिरलेला क्वचितच दिसतो.

शेवटचा शब्द गावांच्या नावात आहे. यावली शहीद, बेनोडा शहीद. युद्धात न विचारता ओढल्या गेलेल्या देशाने ऑगस्ट १९४२ मध्ये ‘चले जाव’ म्हटले, त्याचे मोल आपल्या जिल्ह्यातल्या या गावांनी गोळ्या झेलून दिले. यावली हे तुकडोजी महाराजांचे जन्मगाव; त्यांनाही त्याच महिन्यात अटक झाली. १९५५ च्या ‘ग्रामगीते’तला स्वावलंबी गावाचा आग्रह केवळ युद्धातून आला असे म्हणणे अतिव्याप्तीचे ठरेल. तथापि दूरच्या बाजाराने दोनदा मोडलेल्या मुलखात तो आग्रह इतक्या सहज का रुजला, हे या पार्श्वभूमीवर अधिक उमगते.

‘रणांगण’ १९३९ मध्ये आली. तिच्या लेखकाचा जन्म १९०६ मध्ये अमरावतीत झाला, हे आम्ही आता पहिल्याच तासाला सांगतो. त्यानंतर विद्यार्थ्यांना एकच काम देतो : घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाकडून असा एखादा शब्द आणि त्यामागची हकीकत लिहून आणायची. ज्यांनी १९४३ चे कापड-कंट्रोल लहानपणी पाहिले, ती माणसे आज ऐंशीच्या पुढे आहेत. आपापल्या महाविद्यालयांत हे काम आपणही सुरू करावे, अशी आमची विनंती आहे. उशीर बराच झाला आहे.