खोगीर, झोळी आणि सायकलची सीट

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'काय म्हणतात ते' जरा कमी केलेत. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा इतिहास एका अशा वस्तूचा, जिच्याकडे आपण कधी नीट बघत नाही, कारण आपण तिच्यावर बसलेलो असतो. सायकलची सीट.

प्रश्न साधा आहे. दुकानात गेलात तर सगळ्यात मऊ सीट सगळ्यात आधी दाखवतात. फोम, जेल, आणि त्यावर चढवायला अजून एक जेलचं कव्हर. पण सायकलवर देशोदेशी फिरणारे, दिवसाला शंभर-दीडशे किलोमीटर कापणारे लोक बघा. त्यातले बरेच जण एका कडक, चकचकीत, फोमचा कणही नसलेल्या चामड्याच्या सीटवर बसलेले दिसतील. तिचा आकार १८९० च्या दशकातला. हे फक्त जुन्याचं वेड आहे की त्यात काही तथ्य आहे?

मी कोथरूडहून हिंजवडीला सायकलने ऑफिसला जातो, जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर. अर्ध्या वाटेत मांड्यांमध्ये मुंग्या यायच्या, बधिर व्हायचं. सायकल सोडून पुन्हा कॅबच्या रांगेत उभं राहायचं का, इथपर्यंत वेळ आली होती. मग मी चामड्याची सीट लावली. ती बसवल्यावर डोक्यात जे प्रश्न आले, त्यांचाच हा भाग झालाय.

हाडं खिळखिळी करणारी गाडी

१८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पेडलवाली सायकल आली. चाकं लाकडाची, आणि त्यांवर बैलगाडीच्या चाकाला असते तशी लोखंडी धाव. रस्ते दगडी. इंग्रजांनी या गाडीचं नाव ठेवलं 'बोनशेकर', हाडं खिळखिळी करणारी. नावातच रिव्ह्यू आला!

त्यानंतर १८७० च्या दशकात ती पुढचं चाक राक्षसी आणि मागचं चिमुकलं असलेली सायकल आली. तिला भरीव रबर होतं, पण सायकलला हवा भरलेला टायर अजून आला नव्हता. आज खड्ड्याचा अर्धा धक्का टायर खातो. तेव्हा तो थेट सीटवर आणि सीटवरून तुमच्या मणक्यात. त्यामुळे त्या काळात सीट ही जोडीला दिलेली वस्तू नव्हती. माणूस सायकल चालवू शकेल की नाही हे बरंचसं तिच्यावर ठरायचं.

घोडा मेला म्हणून

इथे आपल्या गोष्टीतला माणूस येतो. जॉन बोल्टबी ब्रुक्स. १८६६ साली त्याने इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला घोड्याचं सामान आणि चामड्याच्या वस्तू बनवण्याचा धंदा सुरू केला. कंपनी स्वतःच सांगते ती गोष्ट अशी की १८७८ मध्ये त्याचा घोडा मेला. नवा घेणं परवडेना, म्हणून त्याने ऑफिसला जायला सायकल उसनी घेतली. आणि त्या सीटने त्याला इतका त्रास दिला की त्याने ठरवलं, हे आपणच नीट करायचं. १८८२ मध्ये त्याने सीटचं पहिलं पेटंट दाखल केलं.

गोष्ट थोडी मीठमसाला लावलेली असेलही. पण तिच्यातला मुद्दा खरा आहे. सायकलची सीट घोड्याचं सामान बनवणाऱ्यांच्या हातून घडली. चामडं किती ताणतं, कुठे फाटतं, घामाने काय होतं, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. फक्त खालचा घोडा बदलला.

पुढे सगळं पटापट घडलं. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने 'रोव्हर' आणली, दोन्ही चाकं जवळपास सारखी आणि मागच्या चाकाला चेन. आपली आजची सायकल तिचीच नात. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉपने हवेचा टायर केला. हा डनलॉप पेशाने गुरांचा डॉक्टर! आणि १८९० च्या दशकाच्या शेवटाकडे ब्रुक्सचं 'बी १७' हे मॉडेल बाजारात होतं. ते आजही विकलं जातं, आणि बघितल्यावर नातेवाईक चटकन ओळखू येतात.

आपण या सीटला 'पारंपरिक' म्हणतो. पण १८८२ मध्ये ती परंपरा नव्हती. पेटंट, पोलादी सांगाडा, रिव्हेट, कारखाना. त्या काळातलं स्टार्टअपच होतं ते.

झोळीचं गणित

आता ही सीट चालते कशी? मराठीत घोड्यावरच्या बैठकीला दोन शब्द आहेत, खोगीर आणि जीन. खोगीर म्हणजे आत भरून फुगवलेलं. त्यात काय भरायचे? चिंध्या, गवत, हाताला लागेल ते. म्हणून निरुपयोगी भरण्याला आपण आजही 'खोगीरभरती' म्हणतो. आता जेलची सीट डोळ्यांसमोर आणा. हसू येतंय ना?

चामड्याच्या सीटमध्ये भरती नाहीच. अर्धा सेंटीमीटरभर जाड चामडं ओलं करून साच्यावर बसवतात, वाळवतात, आणि मग पुढे नाकाशी आणि मागे पोलादी पट्टीवर रिव्हेटनी ताणून ठोकतात. खाली पोकळी. म्हणजे ही गादी नाही, झोळी आहे. किंवा सुंभाची बाज म्हणा. बाजेवर बसलं की दोरी तुमच्या वजनाप्रमाणे दबते, आणि वर्षभराने सैल झाली की पायथ्याकडून आवळतात. इथे सीटच्या नाकाखाली एक बोल्ट असतो. चामडं सैल पडलं की तो किंचित आवळायचा. आजीच्या अंगणातलं तेच तंत्र.

आपण बसतो तेव्हा वजन खरं तर बुडाखालच्या दोन हाडांवर यायला हवं, बैठकीची हाडं. मऊ जेलवर बसलं की ही हाडं आत रुततात, आणि दबलेलं जेल मधून वर येतं. म्हणजे दाब हाडांवरून सरकून मधल्या नाजूक भागावर जातो, जिथे नसा आणि रक्तवाहिन्या आहेत. पाच मिनिटं छान वाटतं. चाळीस मिनिटांनी मुंग्या. चामडं उलट वागतं. सुरुवातीला ते ढिम्म हलत नाही. मग काही शे किलोमीटरमध्ये नेमकं त्या दोन हाडांखाली दबतं, आणि मधला भाग तसाच राहतो.

कोल्हापुरी चप्पल वापरलीय ना? नवी कोल्हापुरी चावते. तेल लावायचं, थोडं थोडं घालायचं, आणि मग एक दिवस लक्षात येतं की ती आता आपली झालीय, दुसऱ्या कुणाच्या पायात बसणार नाही. हा योगायोग नाही. दोन्हीचं चामडं झाडांच्या सालींतल्या आणि फळांतल्या टॅनिनने कमावलेलं असतं. कोल्हापुरीसाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरतात. असं चामडं आकार धरून ठेवतं.

डॉक्टर, बायका आणि सीट

१८९० च्या दशकात युरोप-अमेरिकेत सायकलची लाट आली, आणि बायका सायकलवर बसल्या. कुणाला न विचारता एकट्या कुठेही जाता येतं, हे अनेकांना खुपलं. पण 'बाईने एकटं फिरू नये' असं उघड म्हणण्यापेक्षा 'तब्येतीला वाईट आहे' म्हणणं सोपं. मग वैद्यकीय मासिकांत सीटवर चर्चा झडल्या. शरीराला अपाय होईल, नीतीला अपाय होईल, काय नि काय.

गंमत अशी की उत्तर बाजाराने दिलं. मधून फाट असलेल्या, नाक आखूड असलेल्या सीट 'आरोग्यदायी' म्हणून विकायला आल्या. अमेरिकेत 'ख्रिस्ती' नावाची सीट तर शरीरशास्त्राला धरून बनवलीय अशी जाहिरात करायची. यातली भीती बरीचशी बनावट होती, पण मधल्या भागावरचा दाब हा प्रश्न खरा होता. सुमारे शंभर वर्षांनी, १९९७ मध्ये, अमेरिकेतले युरॉलॉजिस्ट अर्विन गोल्डस्टीन यांनी पुरुषांबाबत तोच प्रश्न मांडला आणि सायकलवाल्यांत खळबळ उडाली. पुन्हा मधून फट असलेल्या सीट बाजारात आल्या. फरक एवढाच की या वेळी 'पुरुषांनी सायकल सोडून घरी बसावं' असं कुणी फारसं म्हटलं नाही.

अंगठ्याची परीक्षा

मग चामडं गेलं का? १९६० च्या दशकात इटलीत सिनेलीने प्लॅस्टिकच्या सांगाड्याची सीट आणली. हलकी, पावसाला न घाबरणारी, पहिल्या दिवसापासून तयार. शर्यतवाल्यांनी ती उचलली, आणि त्यात काही चूक नव्हतं. आपल्याकडच्या काळ्या सायकलींनाही पूर्वी स्प्रिंगवाली चामड्याची सीट असायची. तिची जागा हळूहळू रेक्झिनने घेतली.

पण प्लॅस्टिकनंतर फोम आला, आणि सीटची परीक्षा बदलली. आता दुकानात आपण काय करतो? अंगठा दाबून बघतो. अंगठा आत गेला की 'वा, मऊ आहे'. सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल. डेमोमध्ये झकास, प्रॉडक्शनमध्ये रडगाणं. अंगठ्याच्या परीक्षेत चामडं नापासच होणार, कारण त्याचा निकाल दोन महिन्यांनी लागतो.

खुद्द ब्रुक्स १९५० च्या दशकाच्या शेवटी रॅली कंपनीकडे गेली, सन २००० च्या सुमारास बंद पडता पडता वाचली, आणि २००२ मध्ये इटलीच्या सेले रॉयलने ती घेतली. सेले रॉयल कशासाठी प्रसिद्ध? जेलच्या सीटसाठी! बर्मिंगहॅमजवळ स्मेदिकला चामड्याच्या सीट आजही बनतात.

कमावलेलं कातडं

आता जरा अवघड गोष्ट. या सीटच्या जाहिरातीत कारागिराचे हात दाखवतात. हातोडी, तांब्याचे रिव्हेट, काठ सोलणारी सुरी. बघून आदर वाटतो, वाटायलाच हवा. पण तेच हात आपल्याकडे असते तर?

आपल्याकडे ढोर समाज कातडं कमवायचा, मोटा आणि पखाली बनवायचा. चांभार समाज चपला शिवायचा. जीनगरांच्या तर नावातच जीन आहे. मोटेशिवाय विहिरीचं पाणी शेताला मिळत नव्हतं, आणि मोट बनवणाऱ्याला गावच्या विहिरीला हात लावू देत नव्हते. बर्मिंगहॅमच्या चामडेवाल्याला भांडवल, पेटंट आणि बाजार मिळाला. आपण आपल्या चामडेवाल्याला गावाबाहेर ठेवलं. तेव्हा 'भारतात असा ब्रॅंड का नाही झाला?' असं कुणी विचारलं, तर कौशल्य कमी होतं हे उत्तर देऊ नका. कौशल्याला जात चिकटवली होती, हे उत्तर द्या.

आणि प्राण्याचाही प्रश्न आहेच. १९४२ मध्ये पिकासोने जुन्या सायकलची चामड्याची सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं बनवलं होतं. बैलाचं कातडं पुन्हा बैल झालं! ज्यांना चामडं नको त्यांचं मला पूर्ण पटतं. त्यांच्यासाठी रबर आणि सुती कापडाच्या, त्याच झोळीच्या तत्त्वावर चालणाऱ्या सीट निघाल्यात.

मग लावायची का?

माझ्यापुरतं सांगतो. पहिले तीन आठवडे पाट्यावर बसल्यासारखं वाटलं. सहाव्या आठवड्यात मुंग्या थांबल्या. आता सीटवर दोन उथळ खळगे दिसतात, माझ्या मापाचे. पण हे सगळ्यांना लागू होईलच असं नाही. हाडांमधलं अंतर प्रत्येकाचं वेगळं असतं, त्यामुळे सीटची रुंदी चुकली तर चामडंही वाचवणार नाही. उंची आणि नाकाचा कोन आधी तपासा. ते फुकट आहे. बधिरपणा जातच नसेल तर सरळ डॉक्टरकडे जा.

पुण्या-मुंबईच्या पावसात ही सीट म्हणजे काम आहे. मागे मडगार्ड हवं, उभी करताना वर पिशवी हवी. भिजली तर त्यावर बसू नका, आधी सावलीत वाळू द्या. वर्षातून एक-दोनदा मेणाचा लेप. बोल्टला उगाच हात लावायचा नाही. वजन अर्धा किलो, आणि किंमत साध्या सीटच्या कित्येक पट. पण नीट ठेवली तर अनेक वर्षं टिकते.

मला या इतिहासातून एक गोष्ट घ्यावीशी वाटते. मऊ आणि आरामदायी हे दोन वेगळे शब्द आहेत. मऊपणा दुकानात मिळतो. आराम वापरातून येतो, आणि त्यासाठी वस्तूला आणि शरीराला एकमेकांची ओळख व्हायला वेळ द्यावा लागतो. मराठीत कातडंही कमावतात आणि शरीरही कमावतात. शब्द उगाच एक नाही.

तर मंडळी, गावाकडच्या घरी माळ्यावर किंवा गोठ्याशेजारी एखादी जुनी काळी सायकल असेल, तर तिची सीट उलटी करून खाली बघा. स्प्रिंग, बोल्ट, कुठे कंपनीचा शिक्का दिसतोय का? फोटो पाठवा, आणि ती कोण चालवायचं तेही सांगा. पुढच्या भागात भेटू. तोवर हेल्मेट घाला, आणि नीट बसा!