बॅगेत काय भरायचं? अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय ‘सोरोरिटी’ अधिवेशनांची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. बोलताना जे जसं बोललो, ते बरंचसं तसंच ठेवलंय.

सुरुवात जुलै २०२४ पासून करू या. कमला हॅरिस तेव्हा अमेरिकेच्या उपराष्ट्राध्यक्ष होत्या. १० जुलैला त्या डॅलसमध्ये एका अधिवेशनात बोलल्या. समोर सुमारे वीस हजार बायका, जिकडे बघावं तिकडे गुलाबी आणि हिरवा रंग. २१ जुलैला बायडन यांनी निवडणुकीतून माघार घेतली आणि हॅरिस उमेदवार म्हणून पुढे आल्या. पुढचे दहा दिवस प्रचाराच्या धावपळीचे. तरी २४ जुलैला त्या इंडियानापोलिसला अशाच दुसऱ्या अधिवेशनात होत्या आणि ३१ जुलैला ह्यूस्टनला तिसऱ्या. तीन आठवड्यांत तीन अधिवेशनं, आणि तिन्ही सोरोरिटींची!

आता सोरोरिटी म्हणजे काय? लॅटिनमध्ये ‘सोरोर’ म्हणजे बहीण. अमेरिकन कॉलेजांमधली मुलींची संघटना, असा ढोबळ अर्थ. हॉलिवूडच्या सिनेमांमुळे आपल्या डोळ्यांसमोर पार्ट्या आणि रॅगिंग येतं. पण कृष्णवर्णीय स्त्रियांच्या सोरोरिटीचा मामला वेगळा आहे. तिथे पदवी मिळाली की सदस्यत्व संपत नाही, ते आयुष्यभराचं असतं. शिक्षण संपल्यावर आपल्या शहरातल्या शाखेत जायचं, वर्गणी भरायची, काम करायचं. म्हणून अधिवेशनात वीस वर्षांची विद्यार्थिनी आणि ऐंशी वर्षांची निवृत्त मुख्याध्यापिका एकाच टेबलावर बसलेल्या दिसतात, आणि दोघी एकमेकींना ‘सोरोर’ म्हणतात.

या अधिवेशनाची तयारी म्हणजे मोठं प्रकरण असतं. नावनोंदणी, हॉटेल, विमानाचं तिकीट, आणि मग कपडे. अल्फा कॅपा अल्फाचे रंग फिका गुलाबी आणि पोपटी. डेल्टा सिग्मा थीटाचे किरमिजी आणि साय रंग. झीटा फाय बीटाचे निळा आणि पांढरा. सिग्मा गॅमा ऱ्होचे निळा आणि सोनेरी. औपचारिक विधींसाठी पांढरा पोशाख, रात्रीच्या समारंभासाठी वेगळा, दिवसभर हॉलमधून हॉलमध्ये पळायला आरामाचे बूट. आपल्याकडे घरच्या लग्नाला निघताना हळदीची साडी वेगळी, सीमांतपूजनाची वेगळी, असं जे चालतं ना, तसंच. शिवाय कुणाकुणाला भेटायचं याची यादी: वकील, डॉक्टर, आपल्या गावच्या नगरसेविका, नोकरी देऊ शकणारी एखादी.

मला प्रश्न पडला की शंभर वर्षांपूर्वी अशाच अधिवेशनाला निघालेली बाई बॅगेत काय भरत असेल? शोधायला लागलो आणि लक्षात आलं की या बॅगेतच अमेरिकेचा बराचसा इतिहास सापडतो.

पहिला पोशाख

अल्फा कॅपा अल्फा, म्हणजे एकेए, १५ जानेवारी १९०८ रोजी वॉशिंग्टनच्या हॉवर्ड युनिव्हर्सिटीत सुरू झाली. कृष्णवर्णीय विद्यार्थिनींची ही पहिली ग्रीक अक्षरी सोरोरिटी. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा जेमतेम बेचाळीस वर्षं झाली होती. या मुलींपैकी कुणाची आजी गुलाम म्हणून जन्मलेली असणं ही तेव्हा अगदी साधी गोष्ट होती.

पाच वर्षांत वाद झाला. काही जणींना नाव, रंग आणि चिन्हं बदलायची होती आणि राजकारणात जास्त उतरायचं होतं. त्यातून १३ जानेवारी १९१३ ला बावीस मुलींनी डेल्टा सिग्मा थीटा काढली. दोनच महिन्यांत त्यांनी पहिलं सार्वजनिक काम केलं. ३ मार्च १९१३ ला, वुड्रो विल्सन यांच्या शपथविधीच्या आदल्या दिवशी, वॉशिंग्टनमध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी प्रचंड मोर्चा निघाला. त्यात या मुली चालल्या.

ही वाट सोपी नव्हती. दक्षिणेतल्या गोऱ्या कार्यकर्त्या नाराज होतील म्हणून आयोजकांना कृष्णवर्णीय स्त्रिया मोर्चात दिसायलाच नको होत्या. पत्रकार आयडा बी. वेल्स यांना मागे चालायला सांगितलं गेलं. त्या गर्दीत थांबल्या आणि इलिनॉय राज्याची तुकडी आली तशा सरळ तिच्यात शिरल्या. रस्त्याच्या दुतर्फा पुरुषांचा जमाव शिव्या देत होता, धक्काबुक्की करत होता. शेवटी घोडदळ बोलवावं लागलं.

हॉवर्डच्या विद्यार्थिनी त्या दिवशी पदवीदान समारंभातला झगा आणि चौकोनी टोपी घालून चालल्या. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ज्या देशात लोक त्यांच्याकडे बघून ‘मोलकरीण’ एवढंच गृहीत धरत, तिथे त्या पोशाखातून सांगत होत्या की आम्ही शिकतोय. कपड्यांची निवड हाच त्यांचा फलक होता.

डब्यात धूर, बॅगेत पांढरा ड्रेस

एकेएचं पहिलं राष्ट्रीय अधिवेशन डिसेंबर १९१८ मध्ये झालं. त्याला त्या ‘बूले’ म्हणतात. प्राचीन ग्रीसमधल्या सभेचं हे नाव. डेल्टाचं पहिलं अधिवेशन पुढच्या वर्षी, तेही डिसेंबरात. सुरुवातीची बरीच अधिवेशनं नाताळच्या सुट्टीतच व्हायची, आणि सदस्यांचे धंदे पाहिले की ते पटतं. त्यातल्या बहुतेक जणी शिक्षिका किंवा विद्यार्थिनी, त्यामुळे सुट्टी तेव्हाच मिळायची.

पण तिथे पोचायचं कसं? १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्लेसी खटल्यात ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व मान्य केलं होतं. दक्षिणेत कृष्णवर्णीयांसाठी रेल्वेचा वेगळा डबा असायचा. तो बऱ्याचदा इंजिनाच्या लगेच मागे लागायचा. कोळशाचा धूर, काजळी, ठिणग्या, सगळं त्या डब्यात. कधी सामानाच्या डब्याचाच एक भाग आडोसा घालून दिलेला असायचा. आता त्या डब्यात बसलेली, समारंभासाठी पांढरा ड्रेस घेऊन निघालेली शिक्षिका डोळ्यांसमोर आणा. ड्रेस किती कागदांत गुंडाळायचा, हा तिच्यासाठी केवढा मोठा प्रश्न!

आणि तो ड्रेस आणायचा कुठून? दक्षिणेतल्या कित्येक दुकानांत कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला कपडा किंवा हॅट अंगावर घालून बघू देत नसत. पैसे द्या, घेऊन जा, माप चुकलं तर तुमचं नशीब. म्हणून मग ओळखीची शिवणकाम करणारी बाई, नाहीतर घरचं शिलाई मशीन.

खायचं काय? जेवणाच्या डब्यात प्रवेश नाही, किंवा असलाच तर पडद्यामागचं टेबल. त्यामुळे बुटांच्या रिकाम्या खोक्यात घरचं जेवण भरून निघायचं: तळलेलं चिकन, उकडलेली अंडी, ब्रेड, केकचा तुकडा. ‘शूबॉक्स लंच’ हे नाव आजही तिथल्या आजी-आजोबांच्या आठवणीत आहे. रेल्वेच्या जेवणाच्या डब्यातला तो पडदा बेकायदा ठरायला १९५० साल उजाडलं.

राहायचं कुठे? गोऱ्यांच्या हॉटेलात खोली नाही. आणि हे फक्त गरिबांचं दुःख नव्हतं. मेरियन अँडरसन ही जगभर गाजलेली गायिका, एकेएची मानद सदस्य. १९३७ मध्ये प्रिन्स्टनला तिचा कार्यक्रम होता, आणि गावातल्या हॉटेलने तिला खोली नाकारली. शेवटी ती आइन्स्टाइन यांच्या घरी राहिली. प्रत्येकीच्या ओळखीत आइन्स्टाइन कुठून असणार?

१९३६ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममधला एक पोस्टमन, व्हिक्टर ह्यूगो ग्रीन, याने एक पुस्तिका काढली. कृष्णवर्णीय प्रवाशाला कुठे खोली मिळेल, कुठे जेवण, कुठे गाडी दुरुस्त करून मिळेल, याची ती यादी होती. हेच प्रसिद्ध ‘ग्रीन बुक’. त्यात हॉटेलांबरोबर ‘टूरिस्ट होम’ असायची, म्हणजे कुणातरी कृष्णवर्णीय कुटुंबाच्या घरातली भाड्याची खोली.

इथे मला ‘नेटवर्किंग’ या शब्दाचा अर्थ नव्याने कळला. आपण कार्ड देतो, लिंक्डइनवर जोडले जातो. त्या काळात वाटेवरच्या गावात आपली एखादी सोरोर राहते हे माहीत असणं म्हणजे रात्री झोपायला पलंग, सकाळी तोंड धुवायला पाणी आणि अंधार पडल्यावर रस्त्यावर न सापडण्याची खात्री. पत्त्यांची वही हीच बॅगेतली सगळ्यांत मौल्यवान वस्तू असेल, असं मला वाटतं.

बॅगेत औषधं

एवढा खटाटोप करून त्या जमायच्या कशासाठी? फक्त नाचगाणं आणि मिरवणं असतं, तर मी हा भाग केलाच नसता.

१९३३ मध्ये आयडा जॅक्सन एकेएच्या अध्यक्ष झाल्या. त्या कॅलिफोर्नियात शिक्षिका होत्या, पण जन्म मिसिसिपीतला. तिथल्या खेड्यांतल्या शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग घ्यायचे, ही त्यांची कल्पना. तिथे गेल्यावर दिसलं की मुलं आजारी आणि उपाशी आहेत. आधी आरोग्य, मग शाळा. म्हणून १९३५ च्या उन्हाळ्यात डॉ. डोरोथी फेरीबी यांच्या नेतृत्वाखाली ‘मिसिसिपी हेल्थ प्रोजेक्ट’ सुरू झाला.

रेल्वेतल्या वर्णभेदामुळे या बायकांनी स्वतःच्या मोटारी काढल्या. वॉशिंग्टन ते मिसिसिपीचा होम्स परगणा, अंतर दीड हजार किलोमीटरच्या आसपास, रस्ते त्या काळचे. गाड्यांमध्ये लशी आणि औषधं. पोचल्यावर नवीनच अडचण. मळ्यांचे मालक कापसाच्या शेतावरच्या कुळांना दवाखान्यापर्यंत जाऊ देईनात. बाहेरून आलेल्या शिकलेल्या बायका आपल्या मजुरांच्या कानात काय सांगतील, हा संशय! मग फेरीबींनी दवाखानाच गाडीत घातला आणि मळ्यामळ्यावर नेला. घटसर्प आणि देवीच्या लशी हजारो मुलांना टोचल्या गेल्या. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत दर उन्हाळ्यात हे चाललं.

थोडा विचार करा. असं काम एका रात्रीत उभं राहत नाही. कुणाकडे गाडी आहे, कोण परिचारिका आहे, कुणाला सुट्टी मिळेल, पैसे किती जमतील, हे ठरायला आधी माणसं एकमेकांना ओळखत असावी लागतात. अधिवेशनं त्यासाठी होती.

दुसरी बाजू

हे सगळं ऐकून भारावून जाऊ नका हं. टीकाही झाली, आणि ती आतूनच झाली. समाजशास्त्रज्ञ ई. फ्रँकलिन फ्रेझियर हे स्वतः हॉवर्डमध्ये प्राध्यापक. त्यांचं ‘ब्लॅक बूर्झ्वाझी’ हे पुस्तक १९५७ मध्ये इंग्रजीत आलं. कृष्णवर्णीय मध्यमवर्ग दिखाऊपणात रमलाय आणि आपल्याच गरीब माणसांपासून तुटलाय, असा त्यांचा रोख होता, आणि अशा ग्रीक अक्षरी संघटनाही त्यांच्या टीकेतून सुटल्या नाहीत. सदस्य निवडताना उजळ कांतीला झुकतं माप मिळतं, हा आरोपही या संघटनांवर अनेक वर्षं होत आला. आजही वर्गणी, तिकीट, हॉटेल आणि पाच-सहा पोशाख यांचा हिशेब केला तर हे सगळ्यांना परवडणारं नाही.

माझं मत विचाराल, तर टीका रास्त आहे, पण अपुरी आहे. ज्या बाईला दुकानात हॅट घालून बघू देत नाहीत, तिने चार दिवस आपल्या माणसांत ऐटीत राहायचं ठरवलं, तर त्याला नुसता दिखावा म्हणता येत नाही. मात्र त्या ऐटीतून बाहेर पडून मळ्यावर जाणाऱ्या किती होत्या, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. आपल्याकडच्या प्रत्येक संमेलनाला आणि मंडळालाही तो विचारता येईल.

पुन्हा २०२४

२ जुलै १९६४ ला नागरी हक्क कायदा आला आणि हॉटेलांना कृष्णवर्णीय पाहुणे नाकारणं बेकायदा झालं. दोन-तीन वर्षांत ‘ग्रीन बुक’ बंद पडलं. ते बंद पडावं अशी आशा त्याच्या काढणाऱ्यांनीच व्यक्त केली होती. शूबॉक्स गेला, पत्त्यांची वही फोनमध्ये गेली. ज्या शहरांत एके काळी खोली मिळत नव्हती, त्याच शहरांतली कन्व्हेन्शन सेंटर आता या बायका आठवडाभर भरून टाकतात.

कमला हॅरिस हॉवर्डमध्ये शिकत असताना, १९८६ मध्ये, एकेएत आल्या. त्यामुळे २०२४ मध्ये त्या ज्या सभागृहांत उभ्या राहिल्या, तिथे त्यांना नवी ओळख करून द्यावी लागली नाही. पुढे नोव्हेंबरमध्ये त्या हरल्या, हेही तितकंच खरं. इतकं घट्ट जाळंसुद्धा निवडणूक जिंकून देईलच असं नाही. पण ते निवडणुकीसाठी विणलेलं नव्हतंच. एकटी बाई प्रवासाला निघाली तर रात्री तिला दार उघडणारं कुणीतरी असावं, इथपासून त्याचा उपयोग होता.

तर मंडळी, तुमच्या घरातली आजी, मावशी किंवा आत्या कधी महिला मंडळाच्या किंवा शिक्षक संघटनेच्या अधिवेशनाला गेली असेल, तर तिला एक विचारा: बॅगेत काय भरलं होतं, आणि राहिलीस कुणाकडे? व्हॉइस नोट करून पाठवा. चांगल्या गोष्टी आल्या तर त्यांवर एक अख्खा भाग करू. भेटू पुढच्या भागात!