पारा डोंगरावर नेला तेव्हा

आजचा विषय शाळेच्या पुस्तकातला आहे : दाब. पण तो माणसाला कळला कसा, ही गोष्ट पुस्तकात दोन ओळींत उरकतात. ती आज जरा सावकाश सांगतो.

दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. घन वस्तूंच्या बाबतीत हे लगेच पटतं. जवान मऊ बर्फात गुडघ्यापर्यंत रुततो. त्याच पायांना बर्फावर चालायचे रुंद जोडे बांधले, की तो वर राहतो. वजन तेच, फक्त जास्त जागेवर वाटलं गेलं. रणगाड्याला रुंद पट्टे असतात तेही यासाठीच. द्रवाचा दाब खोलीबरोबर वाढतो आणि सगळ्या दिशांनी लागतो. हे पाणबुड्याला कानात जाणवतं.

अडचण होती हवेची. निसर्गाला पोकळी खपत नाही, म्हणून पंपात पाणी वर चढतं, असं विद्वान शतकानुशतकं मानत आले. पण मग शोषक पंप सुमारे १० मीटरच्या वर पाणी का खेचत नाही? गॅलिलिओचा शिष्य तोरिचेल्ली याने पाण्याऐवजी पारा घेतला. पारा पाण्याच्या साडेतेरा पटींहून जड. नळीत तो सुमारे ७६ सेंटिमीटरवर थांबला. ७६ ला १३.६ ने गुणा, पाण्याचे १० मीटर आणि थोडे वर मिळतात. १६४४ सालच्या पत्रात त्याने अर्थ लावला : आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो, आणि तिचंच वजन पाऱ्याला तोलून धरतं.

हे खरं असेल, तर डोंगरावर डोक्यावरची हवा कमी, म्हणून पाराही खाली यायला हवा. हा विचार फ्रान्समधल्या ब्लेझ पास्कलचा. त्याची प्रकृती नाजूक होती, म्हणून काम त्याच्या मेहुण्याने, फ्लोरँ पेरिए याने केलं. तारीख १९ सप्टेंबर १६४८, डोंगर प्वी द डोम. एक नळी पायथ्याच्या मठात ठेवली आणि दिवसभर तिच्यावर एक माणूस नेमला. दुसरी शिखरावर नेली. तिथे पारा सुमारे ८ सेंटिमीटर खाली आला. पेरिएने जागा बदलून पुन्हा पुन्हा मोजलं. पायथ्याचा पारा मात्र दिवसभर हलला नाही.

मला यात सगळ्यात मोलाची वाटते ती पायथ्याची नळी. ती नसती, तर हवामान बदललं असेल, असं म्हणायला कोणीही मोकळा होता. फौजेच्या भाषेत सांगायचं तर, पुढची तुकडी जितकी महत्त्वाची, तितकाच मागचा पहारेकरी.

आता याचा आपल्याशी संबंध. सुमारे ५,५०० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. सियाचेनच्या चौक्या याच पट्ट्यात आणि त्याहून वरही आहेत. तिथे पाणी ८२ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून प्रेशर कुकरशिवाय डाळ शिजत नाही. प्राणवायू कमी मिळाल्याने धडधाकट जवानाच्या फुप्फुसात पाणी साचू शकतं. यावर खरा उपाय एकच, त्याला लवकर खाली आणणं. हिमवादळात हेलिकॉप्टर येत नसेल, तर त्याला हवाबंद पिशवीत झोपवून पंपाने आतला दाब वाढवतात. माणूस जागेवरच, पण शरीरापुरता तो काही हजार फूट खाली उतरतो.

पेरिएने नळी वर नेऊन दाब उतरताना पाहिला. आमचे लोक दाब वाढवून माणसाला खाली आणतात. हिशेब तोच आहे, १६४८ सालचा. मुलांना दाबाचं सूत्र शिकवाल, तेव्हा ही गोष्टही सांगा. जय हिंद.