वर्गणी कसली म्हणून विचारणाऱ्यांसाठी: वाचनालयाच्या पैशांचा थोडा इतिहास

"वाचनालयाला सरकार अनुदान देतं ना? मग ही वर्गणी कसली?" गेल्या महिन्याभरात हा प्रश्न मी निदान दहा वेळा ऐकला असेल. विचारणारे कंजूष नाहीत. गणपतीला, पालखीला, क्रिकेटच्या सामन्यांना सढळ हाताने देणारी माणसं आहेत ही. त्यांना मनापासून वाटतं की वाचनालय म्हणजे तलाठी कार्यालयासारखं काहीतरी सरकारी प्रकरण. म्हणून आज हे लिहितोय. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आपल्याकडे वाचनालयं आधी आली आणि सरकारी कायदा त्यानंतर शंभराहून जास्त वर्षांनी. राज्यातलं सर्वात जुनं मानलं जाणारं वाचनालय आपल्या रत्नागिरीचं, १८२८ सालचं. मग नगर १८३८, नाशिक १८४०, पुणे १८४८, कोल्हापूर १८५०. पुण्याच्या वाचनालयात लोकहितवादींचा पुढाकार होता. यातल्या बऱ्याच ठिकाणी सुरुवातीचं नाव 'नेटिव्ह जनरल लायब्ररी'. कुठे एखाद्या इंग्रज अधिकाऱ्याचा आश्रय असायचा, पण रोजचा गाडा चालायचा तो वर्गणीवर. शिरस्तेदार, वकील, मास्तर, पेढीवाले अशा लोकांनी दरमहा पैसे द्यायचे आणि त्यातून वर्तमानपत्रं, पुस्तकं, दिव्याचं तेल भागवायचं.

१८९३ साली ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय निघालं, तेव्हा तर मुद्दा भाषेचा होता. मोठ्या लायब्रऱ्यांची कपाटं इंग्रजी पुस्तकांनी भरलेली, मराठीला जागाच नाही. वि. ल. भावे, ज्यांनी पुढे 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिलं, त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी फक्त मराठी पुस्तकं जमवायला सुरुवात केली. पाच वर्षांनी मुंबईतही मराठी ग्रंथसंग्रहालय उभं राहिलं. दोन्ही संस्था आजही चालू आहेत.

पण या वर्गणीची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर ही पोस्ट नुसती आरती होईल. जो पैसे देईल तोच आत, असा हिशेब असला की बाहेर कोण राहतं? रोजावर जाणारा बाहेर, बाया बाहेर, आणि जातीच्या पायरीवर खाली ढकललेला माणूस तर बाहेरच. जुन्या वाचनालयांच्या शतकमहोत्सवी स्मरणिकांमध्ये संस्थापकांची यादी असते ना, ती एकदा आडनावांसह वाचा. जास्त समजावायला लागणार नाही.

यावर सर्वात डोकेबाज उत्तर काढलं बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी. हा राजा मूळचा नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा, शेतकऱ्याच्या घरातला. १९०६ साली त्यांनी राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. पण शाळा सुटली की मुलगा वाचणं विसरतो, मग त्या सक्तीचा उपयोग काय? म्हणून १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले आणि गावोगाव मोफत वाचनालयं काढायचा घाट घातला. त्याचं गणित ऐका. गावाने वर्षाला १०० रुपये जमवले की तेवढेच १०० प्रांत पंचायत देणार आणि तेवढेच १०० सरकार. कसब्याच्या गावासाठी ही मर्यादा ३०० आणि प्रांताच्या मुख्य ठिकाणासाठी ७०० रुपये. जिथे वाचनालय नाही तिथे लाकडी पेट्यांतून फिरती पुस्तकं.

म्हणजे राजाकडे पैसा होता, तरी त्याने गावाला हात खिशात घालायला लावला. पण वाचक म्हणून नव्हे, गाव म्हणून. आत येणाऱ्याकडून काही घ्यायचं नाही. मला तर वाटतं, एवढी साधी गोष्ट आपल्याला नंतर नीट जमलीच नाही.

आता आपल्या राज्याचं बघू. कोल्हापूर संस्थानाने १९४५ लाच ग्रंथालयांचा कायदा केला होता. मद्रासने १९४८ मध्ये केला आणि त्यात घरपट्टीबरोबर ग्रंथालयासाठी वेगळा उपकर लावला. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्यात उपकर नाही. सरकारने ग्रंथालय निधीत वर्षाला किमान २५ लाख रुपये घालावेत, असं ठरलं. आणि गावोगावच्या वाचनालयांना जिल्हा, तालुका, इतर आणि अ, ब, क, ड असे दर्जे देऊन अनुदान सुरू झालं. वाचनालय मात्र संस्थेचंच राहिलं. सरकारचं झालं नाही, कर्मचारी सरकारी झाले नाहीत.

म्हणून वर्गणीवाल्या प्रश्नाचं सरळ उत्तर: अनुदान मिळतं ते मान्य खर्चाच्या ९० टक्के, तेही दर्जाप्रमाणे ठरलेल्या कमाल रकमेच्या आत. उरलेले दहा टक्के गावाने घालायचे. हे नियमातच आहे. शिवाय पैसे हप्त्यांनी येतात, आणि हप्ता कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही. तोवर वीजबिल, पेपरवाल्याचं बिल कोण भरतं? कुठल्याही वाचनालयाच्या कोषाध्यक्षाला बाजूला घेऊन विचारा.

खेड्यातली बहुतेक वाचनालयं ड वर्गात. त्यांचं अनुदान बरीच वर्षं वर्षाला ३० हजार होतं. २०२२ च्या शेवटी सरकारने ६० टक्के वाढ केली, ते ४८ हजार झालं. त्यातला निम्मा पैसा पगारावर, निम्मा बाकी खर्चावर. करा भागाकार. त्या वाढीनंतर ग्रंथपालाला महिन्याला २,००० रुपये झाले. वाढीच्या आधी १,२५० होते. रोजगार हमीवर गेलेल्या माणसाला पंधरवड्यात याहून जास्त मिळतात. (कागदावरची वाचनालयंही होती, नाही असं नाही. २०१२ च्या पडताळणीत ती उघडी पडली आणि योग्यच झालं. पण त्याची झळ खऱ्यांनाही बसली.)

वर्गणीबद्दल माझी खरी तक्रार इथे आहे. आपण लोक पैसे देतो, पण कशाला देतो ते बघा. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. २०१३ चं साहित्य संमेलन याच वाचनालयाने भरवलं होतं. २००५ च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी आत शिरलं, २२ जुलै २०२१ ला पुन्हा. त्या आठवड्यात मी बातमीसाठी चिपळूणला होतो. चिखलाचा आणि भिजलेल्या कागदाचा तो वास अजून नाकात आहे. पुस्तकांचा लगदा झाला होता, पान पानाला चिकटलेलं. त्याआधी दोन वर्षं, ऑगस्ट २०१९ मध्ये, सांगली नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं अशीच गेली. दोन्ही वेळा माणसं धावून आली. लेखक, प्रकाशक, दूरदूरचे वाचक, सगळ्यांनी पुस्तकं दिली, पैसे दिले. गावाची वर्गणी मेलेली नाही, याचा एवढा पुरावा मला पुरे आहे.

पण ती पुस्तकं सुकवायची, पुसायची, नवीन आलेल्यांना नंबर घालायचे, नोंदवहीत चढवायची, हे सगळं कोण करतं? तोच दोन-चार हजारांवरचा माणूस. इमारतीला देणगी देणाऱ्याचं नाव संगमरवरावर कोरतात. कपाट देणाऱ्याचं नाव कपाटावर रंगवतात. ग्रंथपालाचा सहा महिन्यांचा पगार दिला म्हणून कुठे फलक लागलाय? मी तरी जिल्ह्यात पाहिला नाही. आणि फलक नाही म्हणून देणगीही नाही. मग तो बिचारा सकाळी दुसरीकडे काम करून संध्याकाळी दोन तास कुलूप उघडतो, आणि आपण म्हणतो, "वाचनालय कधी उघडं सापडतच नाही."

यंदा आमच्या समितीला मी एवढंच सुचवलं की पावतीवर दोन रकाने छापा, एक ग्रंथखरेदीचा आणि एक ग्रंथपालाच्या मानधनाचा. थोडी खळखळ झाली, पण छापले. पुस्तकांचा रकाना भराभर भरला. मानधनाच्या रकान्यात काल रात्रीपर्यंत चार नावं आहेत. त्यातली दोन निवृत्त शिक्षिकांची, एक रिक्षावाल्याचं, आणि एक पोलीस भरतीसाठी रोज संध्याकाळी तिथे अभ्यासाला बसणाऱ्या मुलीचं. तिने ५० रुपये दिले. पावतीपुस्तक पंधरा तारखेपर्यंत वाचनालयात आहे, संध्याकाळी पाच ते सात.